नावाआधीचा श्वास

“खाजाचाचा, त्या तबकडीतली बाई शेवटी नाव का सांगत न्हाय?”

विचारलं एकदाचं! प्रश्न टाकून छबूनं मागं वळून शमाकडं आणि बनाकडं असं काही बघितलं, की जणू किल्लाच सर केला. पैज सकाळीच लागली होती, शाळेच्या रांजणापाशी. बना म्हणाली होती, “लई धीट झालीस न्हवं आता? मग इचार चाचाला. न्हाय इचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तुझ्या खांद्यावर.” आणि शमा, म्हणजे खाजाचाचाचीच पोरगी, हळूच म्हणाली होती, “अब्बांना त्या तबकडीचं कुणी काढलेलं खपत न्हाय. पुढं तू अन् तुझं नशीब.” झालं. छबूला एवढं पुरेसं होतं. कुणी ‘करू नको’ म्हटलं, की तिच्या पायाला चाकं फुटत.

पण ही चाकं नवी होती बरं का. गेल्या वर्षी निमगाव केतकीहून मामाकडं शिकायला आली, तेव्हा हीच छबू वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पुटपुटायची. मग पंधरा ऑगस्टला गायला ठरलेली मुलगी तापानं पडली, बाईंनी हिला पुढं ढकललं, आणि खाजाचाचाच्या कर्ण्यातून तिचा आवाज जो सुटला, तो थेट मोंढ्यापर्यंत गेला. तोलायचं सोडून आडते बाहेर आले म्हणे. त्या दिवसापासून छबू म्हणजे छबूच. आता तर बाईंनी तिला पुण्याच्या रेडिओसाठी निवडलं होतं. दसऱ्यानंतर मुलींचा कार्यक्रम होता. प्रत्येकीनं एक जुनं गाणं म्हणायचं आणि शेवटी आपलं नाव-गाव सांगायचं. घरी अजून कळवलं नव्हतं. शनिवारी गेल्यावर आई-अप्पांपुढं गाऊनच दाखवायचं, असा तिचा बेत होता.

खाजाचाचानं प्रश्न ऐकला. हातातला फडका बत्तीच्या काचेवर फिरत होता, तो तसाच फिरत राहिला.

“बस खाली,” तो म्हणाला. “आधी जागा होऊ देत.”

चाचाचं दुकान लग्नाकार्याला कर्णे आणि बत्त्या भाड्यानं देण्याचं. गुरुवारी बाजारामुळं शाळा अर्धीच सुटायची आणि गाण्याची वेडी चार माणसं तिथं जमायची. प्रत्येकानं एक ‘जागा’ सांगायची, असा रिवाजच पडला होता. जागा म्हणजे गाण्यातली ती एकच वेळ, जिथं अंगावर काटा येतो. अख्खं गाणं सांगायचं नाही, गाणाऱ्याचं कौतुक नाही. फक्त तेवढी जागा.

पितृपंधरवडा चालू होता. लग्नं नाहीत, बारशी नाहीत. एरवी गावोगाव ओरडणारे कर्णे तोंडं भिंतीकडं करून गप बसले होते. वर ढगानं आभाळ असं खाली आलेलं, की भर दुपारी दुकानात दिवेलागणीसारखं वाटत होतं.

छबूचे हिंदुरावमामा माळेगावच्या साखर कारखान्यावर कामाला. जत्रा कुठलीही असो, तमाशाच्या पहिल्या ओळीत मामा दिसायचेच. ते मांडी ठोकून म्हणाले, “माझी ऐका. जत्रेतला फड. ढोलकी अशी तापलेली की बोलायची सोय न्हाय. अन् एकदम थांबली! बाई फडाच्या मधी उभी. हलंना. पाच हजार माणूस, अन् तिच्या पायातलं एकच घुंगरू वाजलं, इतकंच. छन. आजून माझ्या कानात हाय.”

“मामीच्या कानावर घातलंय का हे?” बनानं विचारलं.

“गप ए, घातलं असतं तर आज कान ऱ्हायले असते का?”

सगळे हसले. शमानं उरुसातली जागा सांगितली. म्हातारा कव्वाल वरच्या पट्टीत गेला, आवाज फुटला, आणि तो फुटका आवाजच धरून त्यानं पुढची ओळ म्हटली; तेव्हा टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले होते. बनाची जागा चावडीवरच्या रेडिओतली. गाणं लागायच्या आधीची खरखर. “लांबनं कुणीतरी चालत येतंय, अन् कोण ते ठाव न्हाय, तसं वाटतं बघा.”

मग महिपतीबाबा बोलले. ते पळसदेवचे, भजनात मृदंग वाजवायचे, बाजाराला गाडी घेऊन आले की इथं टेकायचे. फार बोलत नसत.

“आमचं देऊळ भीमेच्या काठाला,” ते म्हणाले. “मी तवा पंचविशीतला आसंन. ह्येच दिवस, भादवा. पाणी चढत व्हतं. भजन उरकून मी मृदंगाला गवसणी घालीत व्हतो. तर खाली घाटावर कुणी बाई गात व्हती. धुणं धूत. ती एक ओळ म्हनायची, अन् गाभाऱ्यातनं ती ओळ तिला माघारी यायची. मग त्या माघारी आलेल्या ओळीवर ती फुडची ठेवायची. देवळासंगं गात व्हती. बोलायला दुसरं माणूसच नसल्यावानी.”

“मग?” छबू पुढं सरकली.

“मग काय. सकाळी ती न्हवती. पाणी वरच्या पायरीला लागलं व्हतं. धुणं पिळून, एकावर एक ठिवलेलं. नवी सून व्हती कुणाची. पाय घसरला म्हणाले.”

“नाव काय तिचं?”

“नव्या सुनेला कुठलं नाव, पोरी? अमक्याची सून. अन् मागनं कुणी नाव काढलंच न्हाय.” बाबांनी पटका डोक्यावर नीट केला. “मी लई भजनं ऐकली, लई गवई ऐकलं. पर जागा म्हणशील तर तीच. अन् ती चांगली का वाईट, आजून कळलं न्हाय.” आणि बैलांना उशीर होतो म्हणत ते उठून गेले. त्यांच्या गाडीचे घुंगूर लांब लांब जात राहिले.

मग खाजाचाचा उठला. ट्रंकेच्या तळातून त्यानं जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तबकडी काढली. शमानं छबूच्या दंडाला चिमटा काढला. मुलींनी ही तबकडी एकदाच, तीही दाराआडून ऐकली होती.

“आता इचारलंयस तर नीट ऐक,” चाचा म्हणाला आणि त्यानं चावी भरली.

खरखर झाली. मग आवाज आला. एका पेटीची साथ, आणि त्यावर,

दारी दिवा मी लाविला
वारा कुणाचा ये बाई…

छबूच्या मनात पहिलं काय आलं, तर ही बाई नव्हेच! ही तर पोरगी आहे. आपल्याएवढी. आवाज भोंग्याच्या तळाशी कुठंतरी लांब होता, पण ‘वारा’ म्हणताना तो असा लवायचा, की दिव्यावर खरंच कुणी फुंकर घालतंय. तीन कडवी झाली. पेटी थांबली. आणि मग ती जागा. पोरीनं श्वास घेतला. चांगला छाती भरून, आनंदानं घेतलेला श्वास. ‘मी…’ म्हणाली.

आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, “बस.”

ओरडून नाही. रागानं नाही. दार ओढून घ्यावं तसा. मग नुसती खरखर.

“जुन्या काळी गाणारानं शेवटी नाव सांगायचं असायचं,” चाचा सुई उचलत म्हणाला. “कंपनीची माणसं पुण्यात येऊन खोली घ्यायची, भोंग्यात गाववून घ्यायची. तबकड्या लांबच्या कारखान्यात छापायच्या. तितल्या लोकांना कळावं कुणी गायलं, म्हणून नाव. हिला न्हाय सांगू दिलं. परत गा म्हणाले असतील, ती गायली नसंल. मग आहे तशीच छापली.” त्यानं तबकडी उजेडाकडं तिरकी धरली. मधल्या कागदावर नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘एक कुलीन स्त्री’.

“अन् तुमच्याकडं कशी आली?”

चाचानं एकदा हिंदुरावमामांकडं बघितलं. मामा बाहेर बघत होते.

“माझ्या वालिदांकडं, इस्माईलभाईंकडं एक म्हातारा आला व्हता. तांबडा फेटा. पोतं पुढं टाकलं अन् म्हणाला, गावोगाव फिरून दुकानांतल्या सगळ्या गोळा करून फोडल्या, ही शेवटची, ही माझ्या डोळ्यापुढं फोड. वालिदांनी तबकडी आत नेली, गोणपाटात दुसरीच एक फुटकी घातली अन् त्याच्यासमोर वर धोंडा घातला. म्हातारा आवाज ऐकून गेला. वालिद म्हणायचे, त्याच्या अंगाला विड्याच्या पानांचा वास येत व्हता.” तो थांबला. “तू निमगावची. तुमच्याकडं पानमळं. म्हणून सांगतो छबू, हे गाणं तिकडं म्हणू नको.”

“गाणं म्हटल्यानं कुणी मरतं व्हय चाचा?” छबू हसली.

चाचा नाही हसला. तबकडी त्यानं लुगड्यात गुंडाळली, आधी होती त्याहून दोन फेरे जास्त.

आणि खरं सांगायचं, तर बाहेर पडेस्तोवर छबूचं ठरूनही गेलं होतं. जुनं गाणं पाहिजे ना पुण्याला? मग हेच! तिन्ही कडवी तिच्या डोक्यात बसली होती, ‘वारा’वरच्या त्या वळणासकट. तिचं डोकंच तसं. पाढे विसरेल, चाल विसरायची नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती एसटीनं निमगावला आली. रस्ताभर आभाळ तसंच गच्च. गाडीत एक बाई सांगत होती, की भीमेला पाणी चढतंय. छबू खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात गात होती.

घरी आई, सरुबाई, उद्याच्या सर्वपित्रीच्या तयारीत. वडे, खीर, भाज्या, सगळ्याचं निवडणं-टिपणं चाललेलं. परसात पत्रावळींची चळत धुऊन उभी केलेली.

“अप्पा कुठायत?”

“मळ्यात. चहा नेऊन दे. अन् उड्या मारू नको, उद्या पित्तर हायेत घरात.”

पानमळ्यात जायचं म्हणजे चपला बाहेर. लहानपणापासून पायांनाच ते माहीत. आत शिरलं की जग बदलतं. शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, पानावर पान, उजेड गाळून हिरवा झालेला, पायाखाली पाटाची गार चिखलमाती. अप्पांचा इथं एक नियम होता. मोठ्यानं बोलायचं नाही. का, तर वेल बिचकतो. इतर मळेवाले हसायचे. त्यांच्या मळ्यांत बाया पानं खुडताना गायच्या, भांडायच्या, आणि वेल खुशाल वाढायचे. राऊतांच्या मळ्यात मात्र तीस वर्षं कुणी ओळ गुणगुणली नव्हती.

छबूला हे आजवर कधी खटकलंच नव्हतं. आज खटकलं, पण एवढुसंच. तिच्या पोटात गाणं मावत नव्हतं ना!

अप्पा शिडीवर होते. सोपान राऊत म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. त्यांचे पायच तेवढे दिसत होते, बाकी सगळे पानांत. लव्हाळ्यानं वेल बांधत होते.

“अप्पा, गंमत हाय एक. बोलू नका, नुसतं ऐका हां.”

आणि तिनं सूर लावला.

दारी दिवा मी लाविला…

वर पानांची सळसळ थांबली. छबूला वाटलं, ऐकतायत! तिनं आवाज आणखी मोकळा केला. ‘वारा कुणाचा’ म्हणताना ते वळण असं आलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. दुसरं कडवं. तिसरं. मळ्यात पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि गाणं संपल्यावर, पोरवयच ते, तिला खोडी सुचली. तबकडीतल्या पोरीसारखा तिनं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, “मी…”

“बस.”

पानांतून आला आवाज. माणूस दिसत नव्हता. ओरडून नाही, रागानं नाही. दार ओढून घ्यावं तसा.

छबूच्या हातातला चहा कलंडून पायावर सांडला, तरी तिला कळलं नाही. वय वाढलं, आवाज जाडावला, खरखरला. पण तो शब्द जिथून सुटायचा आणि जिथं पडायचा, ते काही बदललेलं नव्हतं. कान दगा देत नाहीत, निदान छबूचे तरी. गुरुवारी तिनं ऐकलेला माणूस हाच होता.

अप्पा खाली उतरले. हळूहळू, पायरी चाचपत.

“कुठं ऐकलंस?”

छबूनं मान खाली घातली.

“ती फुटलीय,” अप्पा म्हणाले. तिच्याशी नाही, मातीशी बोलल्यासारखे. “आबांनी सोता बघितलं. शेवटची फुटली.” मग एकदम वर बघून, “कुणाकडं हाय ती?”

खाजाचाचाचं नाव जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा छबूला अप्पांची भीती वाटली. मारतील अशी नव्हे. मारलं कधीच नव्हतं त्यांनी. ही भीती विहिरीत वाकून बघितल्यावर वाटते, तसली होती.

“नका सांगू,” अप्पा म्हणाले. ते लेकीला कधी अहो-जाहो करत नसत; जणू समोर कुणी परकंच उभं होतं. मग त्यांनी खालचा एक वेल हातात घेतला, लव्हाळ्याची गाठ मारली आणि ओढली. इतकी ओढली, की वेलच मोडला. तीस वर्षं वेल बांधणाऱ्या माणसाच्या हातून मोडला. दोघंही त्या मोडक्या टोकाकडं बघत राहिले.

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. छबू तिच्या शेजारी जाऊन बसली आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. तबकडी, ‘बस’, म्हाताऱ्याचा तांबडा फेटा. आईचे हात पिठातच थांबले. तिनं आधी दाराकडं बघितलं.

“सिंधू,” ती म्हणाली. “तुझी आत्या. मी ह्या घरात आल्यापास्नं हे नाव आज पयल्यांदा तोंडातनं काढतीया.”

“अप्पांना बहीण व्हती?”

“तुझ्याएवढीच व्हती. जेवढं माझ्या कानावर आलं तेवढं सांगते. गळा असा, की गाणं ऐकलं की हिचं झालं. कुणी कंपनीवाल्यापर्यंत गोष्ट गेली. तुझं आजोबा, आबा, तयारच न्हवतं. शेवटी म्हणालं, गाऊ दे, पर नाव भाईर जाता कामा न्हाय. अन् ह्यांना संगं धाडलं, नजर ठेवाया. ह्ये सतरा वर्सांचं. पेटी बी ह्यांनीच वाजवली.”

पेटी! छबूनं डोळे मिटले. घरात माळ्यावर एक पेटी होती, उंदरांनी भाता खाल्लेली. ती कुणाची, असं तिनं कधी विचारलंच नव्हतं.

“अन् ती नाव सांगायला गेली.”

“तितं रिवाजच तसा. तिला कुणी सांगितलं आसंल, शेवटी नाव सांग. पोरगी ती, खुशीत.” आईनं भाकरी पुन्हा थापली, उगाचच. “नाव न्हाय गेलं. पर आवाजाला कुठं पदर घेता येतो? बाजारात कर्ण्यावर लागलं अन् लोकांनी वळखलं. म्हैन्याभरात आबांनी लगीन लावून दिलं. नदीकाठाला.”

छबूच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ही ‘जागा’ नव्हती. दुसराच काटा होता.

“पळसदेवला?”

आईनं चमकून बघितलं. “तुला कुणी सांगितलं?”

मग छबूनं महिपतीबाबांचं सांगितलं. चढतं पाणी, देऊळ, माघारी येणारी ओळ. सकाळचं धुणं.

“पिळून ठेवलं व्हतं?” आईनं विचारलं.

“एकावर एक.”

 तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा आईनं ती उतरवली. “ह्यांना कुणी सांगू नको ते,” एवढंच म्हणाली. “पाय घसरला, एवढ्यावर माणूस जगलाय.”

संध्याकाळी जेवताना अप्पा आपणहून बोलले. ताटावरची नजर न काढता.

“हिंदुराव मोंढ्यात भेटला व्हता मागल्या हप्त्यात. पुण्याचं कळलंय मला.”

छबूचा घास हातातच राहिला.

“जा,” अप्पा म्हणाले. “गा. बाई म्हणतात तर गा. पर नाव सांगायचं न्हाय. निमगावची एक मुलगी, इतकंच म्हणायला सांगू त्यांना.” आणि पाण्याचा घोट घेऊन, “मी येतो संगं.”

किती मायेनं म्हणाले! त्यातच छबूच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आबाही असंच म्हणाले असतील. ‘गाऊ दे, पर नाव न्हाय.’ असंच ताटावर बसून, असाच पाण्याचा घोट घेऊन. आणि कुणीतरी संगं आलं असेल, नजर ठेवाया. सगळं तसंच मांडून ठेवलं होतं; फक्त तिनं जाऊन त्या जागेवर उभं राहायचं होतं.

आईनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

रविवारी पाऊस थांबला होता, पण उघडलं नव्हतं. परसात सारवलेल्या जमिनीवर अप्पांनी पत्रावळी मांडल्या. आबांचं, म्हणजे सखाराम राऊतांचं पान, आजीचं पान, त्याआधीच्यांचं. प्रत्येक पानावर पाणी सोडताना ते नाव घ्यायचे, स्पष्ट, बापाच्या नावासकट. आणि सगळ्यांत शेवटी, जरा अंतर सोडून, आणखी एक पान. त्यावर वडा, खीर, भात, सगळं तेच. पाणीही सोडलं. नाव मात्र नाही.

दर वर्षी मांडलं जायचं ते पान. लहान असताना छबूनं विचारलं होतं, “हे कुणाचं?” आणि उत्तर मिळालं होतं, “हाय एकाचं.” एवढ्यात तिचं समाधान झालं होतं! काय मूर्ख पोरगी होती ती, असं तिला आज वाटलं.

कावळे कौलावर बसले होते. एक उतरला, आबांच्या पानाला चोच लावून गेला. दुसरा आजीच्या. शेवटच्या पानाकडं कुणी फिरकेना. अप्पा हात जोडून उभे. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. छबूनं निरखून बघितलं. एकच शब्द होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी तो दातांपाशी येऊन माघारी जात होता.

लांबून, नदीच्या अंगानं, पुराच्या पाण्याचा आवाज येतोय असं तिला वाटलं. नदी इतक्या जवळ नव्हती. तरी वाटलं.

 मागं वळून बघायला शमा नव्हती की बना. पैज कुणी लावली नव्हती. छबूनं श्वास घेतला. छाती भरून. अप्पांनी चटकन तिच्याकडं बघितलं. तो श्वास त्यांनी ओळखला होता.

त्यांचं तोंड उघडायच्या आत ती बोलली.

“आई, अप्पा, मी पुण्याला जाणार. ह्येच गाणं म्हणणार. अन् शेवटी नाव सांगणार, छबू सोपान राऊत, निमगाव केतकी. त्याच्या आधी ह्ये गाणं कुणाचं, ते बी सांगणार. सिंधू सखाराम राऊत. अप्पा, तुमी संगं या, मला तुमी पायजे. पर तितं बस म्हणायचं न्हाय.”